डब्यावरची एक तारीख पुरेशी नाही

श्रावणात, गणपतीत पाहुणे आले की आमरसाचा डबा उघडायचा, हे महाराष्ट्रातल्या घरांत आता चांगलेच रुळले आहे. त्याच फळीवर टोमॅटो प्युरी, स्वीट कॉर्न, मशरूम, बेक्ड बीन्स, कंडेन्स्ड मिल्क आणि अननसाच्या चकत्या येऊन बसल्या आहेत. शेजारी जॅम, सॉस, लोणच्याच्या बाटल्या. मोठ्या शहरांत हे सगळे काही मिनिटांत दारात येते आणि तालुक्याच्या गावीही किराणा दुकानात मिळते. यातले काय किती दिवस खाण्याजोगे राहते, हे मात्र विकत घेणाऱ्याला कोणी नीट सांगत नाही. डब्याच्या बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी उमटवलेली एक तारीख असते आणि सगळा भार तिच्यावर टाकलेला असतो.

परिणाम असा की मुदत टळून आठवडा झाला म्हणून धडधाकट डबा कचऱ्यात जातो आणि मुदत शिल्लक आहे म्हणून फुगलेला डबा निर्धास्तपणे उघडला जातो. डबाबंद अन्नाची सुरक्षितता कारखान्यातली प्रक्रिया, गोदामातली आणि दुकानातली साठवण, आणि झाकण उघडल्यानंतरची हाताळणी या तिन्हींवर अवलंबून असते. आपली व्यवस्था यातल्या पहिल्यावर लक्ष ठेवते आणि उरलेल्या दोन्हींची फारशी चौकशी करत नाही. ती व्हावी, यासाठी हे मुद्दे.

१. तारखेचा अर्थ ग्राहकाला समजलाच पाहिजे.

वेष्टनावर दोन प्रकारच्या तारखा असू शकतात. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे या दिवसापर्यंत पदार्थाची चव, रंग, पोत उत्तम राहील असा उत्पादकाचा शब्द. त्यानंतर पदार्थ उतरत जाईल, पण तो लगेच बाधेल असे नाही. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ म्हणजे या दिवसानंतर विकायचे नाही आणि खायचेही नाही. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०२० साली लेबलांचे नवे नियम केले. त्यांत एक्स्पायरीची तारीख सक्तीची झाली आणि ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक उरली. बेस्ट बिफोरनंतरही पदार्थ पूर्णपणे सुरक्षित असू शकतो, असे याच नियमांतल्या व्याख्येत म्हटले आहे. ही ओळ किती ग्राहकांपर्यंत पोचली?

एक्स्पायरी सक्तीची करण्यामागचा हेतू चांगला आहे. दुकानदाराला पळवाट राहत नाही. पण सहा दिवस टिकणाऱ्या पनीरला आणि दोन वर्षे टिकणाऱ्या डब्याला एकच शब्द लावला की ग्राहक दोन्हींकडे एकाच नजरेने बघतो. पनीरच्या बाबतीत ती तारीख धोक्याची खूण आहे. नीट सीलबंद डब्याच्या बाबतीत ती बहुतेक वेळा चवीची हद्द असते.

१८६५ साली अमेरिकेत मिसुरी नदीत ‘बर्ट्रांड’ नावाची आगबोट बुडाली. १९६८ मध्ये ती गाळाखाली सापडली, तेव्हा तिच्यात डबाबंद अन्न मिळाले. १९७४ मध्ये प्रयोगशाळेत त्या डब्यांची तपासणी झाली. शंभराहून अधिक वर्षे उलटल्यावरही जंतूंची वाढ आढळली नाही. रंग, वास गेला होता, जीवनसत्त्वेही बरीच घटली होती. म्हणून कोणी शंभर वर्षांचा डबा खावा असे मी म्हणत नाही. सील शाबूत असेल तर जंतूंना कॅलेंडर कळत नाही, एवढे त्यातून घ्यावे.

एफएसएसएआयने दीर्घकाळ टिकणाऱ्या डबाबंद पदार्थांवर दोन्ही तारखा सक्तीने, शेजारी शेजारी आणि सारख्या आकारात छापायला लावाव्यात, ही पहिली मागणी.

२. डब्यात आंबट काय आणि बिनआंबट काय, हे वेष्टनावर यावे.

या सगळ्या प्रकरणाचे मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

अन्न बंद भांड्यात घालून तापवले तर टिकते, हे निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने शोधले. १८१० साली त्याने आपली कृती पुस्तकरूपाने जाहीर केली आणि फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले. अन्न का टिकते, हे मात्र त्यालाही ठाऊक नव्हते. ते कोडे लुई पाश्चर यांच्या कामातून सुटले, अर्ध्या शतकानंतर. उष्णतेने जंतू मरतात आणि सील असल्याने नवे आत येत नाहीत.

पण एक जंतू साध्या उकळण्याने मरत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. तो मातीत सर्वत्र असतो. त्याचे बीजाणू शंभर अंशांच्या उकळत्या पाण्यात तग धरतात आणि त्यांना वाढायला हवा नसलेलीच जागा लागते. बंद डबा म्हणजे तशीच जागा. तिथे तो जे विष तयार करतो ते जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. अनेकदा त्याला वास नसतो, चव नसते. साधारण बारा ते छत्तीस तासांत, कधी काही दिवसांनी, माणसाला एकाचे दोन दिसू लागतात, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते, गिळता येत नाही आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. उलट्या-जुलाबांचीच वाट बघणाऱ्या घरच्यांना ही अन्नातून झालेली विषबाधा आहे हे लक्षातही येत नाही.

हा जंतू आम्लाला मात्र दबतो. पदार्थाचा पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट असेल, तर बीजाणू जागे होत नाहीत. हापूसच्या पल्पचा डबा, अननस, टोमॅटो प्युरी, व्हिनेगरमधल्या मिरच्या या आंबट बाजूच्या गोष्टी. पल्पची आम्लता कमी पडली तर कारखान्यात सायट्रिक ॲसिड घालून ती जुळवून घेतात. अशा डब्यांना उकळत्या पाण्याइतकी उष्णता पुरते. स्वीट कॉर्न, मशरूम, मटार, राजमा, मासे, मांस, तयार भाज्यांची पाकिटे ही बिनआंबट बाजू. यांना दाबाखालच्या वाफेत तापवावे लागते. डब्याच्या अगदी गाभ्यापर्यंत १२१ अंश आणि तिथे सुमारे तीन मिनिटे, हा जगभर पाळला जाणारा हिशेब आहे. चांगले कारखाने तो पाळतात, आणि म्हणूनच लाखो डबे रोज निर्धास्त खाल्ले जातात.

गंमत अशी की टिकण्याचा क्रम याच्या उलटा लागतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला आहे की थंड, कोरड्या जागी ठेवलेले आंबट डबे बारा ते अठरा महिन्यांत वापरावेत आणि बिनआंबट डबे दोन ते पाच वर्षांत. कारण आम्ल हळूहळू डब्याच्या धातूशी लढत राहते, चव आणि रंग बिघडवते. म्हणजे आंबट डबा लवकर उतरतो, पण त्यातला जिवावरचा धोका कमी. बिनआंबट डबा वर्षानुवर्षे चांगला राहतो, पण त्यात काही चुकले तर ते जिवावर बेतू शकते. वेष्टनावर हिरवा ठिपका शाकाहारासाठी येऊ शकतो, तर आंबट आणि बिनआंबट सांगणारी साधी खूण यायला काय हरकत आहे?

३. झाकण उघडले की छापील तारीख रद्द होते. हे ठळक लिहा.

सर्वांत जास्त चूक इथे होते. पास्ता सॉसच्या बाटलीवर पुढच्या वर्षीची तारीख असते. बाटली उघडून दोन चमचे घेतले जातात आणि उरलेली फ्रिजच्या दारात महिनाभर उभी असते. कोणी विचारले तर उत्तर तयार असते, ‘तारीख आहे अजून.’ ती तारीख सीलबंद बाटलीची होती. सील तुटले त्या क्षणी ती संपली.

उघडलेला आंबट पदार्थ, म्हणजे आमरस, प्युरी, फळे, फ्रिजमध्ये पाच ते सात दिवस. उघडलेला बिनआंबट पदार्थ, म्हणजे कॉर्न, मशरूम, राजमा, मासे, तीन ते चार दिवस. फ्रिजबाहेर काही तास राहिला तर तेवढेही नाही. उघड्या डब्यातच अन्न ठेवू नये, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढावे. आंबट पदार्थात तर धातूचा कडवट स्वाद लगेच उतरतो. जॅममध्ये विरघळलेल्या घटकांचे, म्हणजे मुख्यतः साखरेचे, प्रमाण नियमाप्रमाणे ६५ टक्क्यांहून कमी नसते, म्हणून तो जास्त टिकतो. तरी वर बुरशी आली तर ती चमच्याने काढून उरलेला जॅम पोरांच्या पोळीला लावू नये. बुरशीचे तंतू दिसतात त्याच्या खालीही गेलेले असतात.

आपल्या आज्या-पणज्यांना हे वेगळ्या शब्दांत ठाऊक होते. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायचा, चमचा कोरडाच घालायचा, रोजच्या वापरासाठी छोट्या बरणीत वेगळे काढायचे, मोठी बरणी वारंवार उघडायची नाही. ही शिस्त मीठ, आंबटपणा आणि कोरडेपणा राखण्यासाठी होती. घरातल्या बरणीला होती ती शिस्त बाजारातल्या बाटलीला लागू नाही, असे आपण कधी ठरवले?

‘उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, इतक्या दिवसांत संपवा’ ही ओळ बहुतेक वेष्टनांवर असते, पण घटकपदार्थांच्या आणि पत्त्याच्या गर्दीत, बारीक अक्षरात. ती झाकणावर यावी आणि खाली ‘उघडल्याची तारीख’ लिहायला कोरी पट्टी असावी. उत्पादकाला याचा खर्च जवळजवळ काहीच नाही. तोवर घरात मार्कर आणि कागदी चिकटपट्टी ठेवा.

४. दुकानातल्या आणि गोदामातल्या उष्णतेची जबाबदारी कोणीतरी घ्या.

डब्यावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ असे लिहिलेले असते. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव इथे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या गोदामात, टेम्पोच्या बंद हौद्यात किती होत असेल याचा विचार करा. कारखान्यात डबा निर्जंतुक करतात तो ‘नेहमीच्या तापमानाला साठवला जाईल’ हे गृहीत धरून. काही उष्णताप्रेमी जंतूंचे बीजाणू प्रक्रियेतून वाचतात. एरवी ते झोपलेले राहतात, पण चाळिशीच्या वर दीर्घकाळ गेले की जागे होऊ लागतात. ते सहसा आजार देत नाहीत, पण डबा न फुगताही आतले अन्न आंबवतात. आंबट डब्यात उष्णतेने धातू आणि आम्लाची क्रिया वेगाने होते, वायू सुटतो आणि डबा फुगतो. मग तारीख दीड वर्षाची असून काय उपयोग?

अन्न सुरक्षा कायद्याचे, म्हणजे २००६ च्या कायद्याचे, कलम २७ इथे उपयोगी आहे. उत्पादकाने दिलेल्या सुरक्षेच्या सूचना मोडून माल साठवला किंवा पुरवला तर वितरक जबाबदार, मुदत संपलेला माल विकला तर विक्रेता जबाबदार, असे ते स्पष्ट सांगते. कायद्यात हे आहे, पण तपासणीत फारसे दिसत नाही. अन्न निरीक्षक नमुने घेतात, परवाना बघतात, तारीख बघतात. विदर्भ-खान्देशातल्या मोठ्या गोदामांत एप्रिल ते जून तापमानाची नोंदवही सक्तीची करावी आणि निरीक्षकाने ती आधी मागावी. तापमापक काही शे रुपयांत मिळतो.

दुकानदारांनाही सांगणे आहे. दुकानासमोर उन्हात जॅमच्या आणि सॉसच्या बाटल्यांचे मनोरे रचू नका. गिऱ्हाइकाच्या नजरेत माल भरावा म्हणून तुम्ही तो बाहेर मांडता, पण उन्हात माल उतरतो आणि तक्रार तुमच्याकडेच येते.

५. फुगलेला डबा फुकट दिला तरी घेऊ नका, आणि दुसऱ्याला देऊ नका.

इथे शंकेला जागा नाही. डबा दोन्ही टोकांना फुगलेला असेल, झाकण दाबल्यावर टक् वाजून वर येत असेल, सांध्याशी गळती किंवा ओल असेल, उघडताना आतून फवारा उडाला असेल, काचेच्या बाटलीच्या झाकणाचा मधला खोलगट भाग वर आला असेल, तर टाकून द्या. चव घेऊन बघायची नाही, ‘उकळून घेऊ’ हाही उपाय नाही. पोचे आलेल्या डब्याचे थोडे वेगळे. मधल्या भागावरचा उथळ पोचा सहसा चालतो. वरच्या-खालच्या कडेच्या किंवा उभ्या सांध्यावरचा पोचा, किंवा बोट बसेल इतका खोल पोचा, चालत नाही, कारण तिथे सील सुटलेले असू शकते. वरचा गंज पुसला जात असेल तर ठीक, खड्डे पडले असतील तर नको.

आणि एक गोष्ट, जी लिहायला बरे वाटत नाही पण लिहिलीच पाहिजे. शंका आलेला डबा बऱ्याच घरांत टाकला जात नाही. तो घरकाम करणाऱ्या मावशींना दिला जातो, वॉचमनला दिला जातो, ‘आमच्याकडे कोणी खात नाही हो’ असे सांगून. जे आपल्या मुलांच्या ताटात वाढायला आपण धजत नाही, ते दुसऱ्याच्या मुलांच्या ताटात जाऊ द्यायचा आपल्याला अधिकार नाही. तो गाईला किंवा कुत्र्यालाही घालू नका. पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाका आणि ओटा, हात, पक्कड साबणाने धुवा.

६. पुरात भिजलेल्या मालाचा हिशेब जाहीर झाला पाहिजे.

२०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा बाजारपेठांतल्या किराणा दुकानांत छतापर्यंत पाणी होते. गटाराचे, मैल्याचे, शेतातल्या औषधांचे पाणी. व्यापाऱ्यांचे नुकसान भयंकर होते आणि त्यांना पूर्ण भरपाई मिळालीच पाहिजे. ती वेळेत मिळाली नाही तर भिजलेला माल धुऊन, पुसून, स्वस्तात दुसऱ्या तालुक्यात जाण्याचा मोह निर्माण होतो. तो मोह उरू नये हे सरकारचे काम आहे.

शास्त्र असे सांगते. कागदी आणि प्लास्टिकची पाकिटे, फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या पुराच्या पाण्यात बुडल्या की गेल्या, सील दिसत असले तरी. झाकणाच्या चुण्यांत घाण अडकते, ती निघत नाही. धातूचा, पोचा नसलेला, गंज नसलेला डबा मात्र वाचू शकतो. लेबल काढायचे, साबणाने घासायचे, ब्लीचच्या सौम्य द्रावणात पंधरा मिनिटे ठेवायचे किंवा उकळत्या पाण्यात बुडवायचे, आणि आत काय आहे व तारीख काय ते मार्करने लिहायचे. पूर ओसरल्यावर ग्रामपंचायत आणि नगरपालिका जी पत्रके वाटतात, त्यांत क्लोरीनच्या गोळ्यांबरोबर या चार ओळीही हव्यात. आणि अन्न प्रशासनाने नष्ट केलेल्या मालाची यादी दुकानवार जाहीर करावी, म्हणजे उरलेल्या बाजारावरचा विश्वास टिकेल.

७. घरगुती बाटल्यांना बंदी नको, शिकवणी हवी.

बचत गटांच्या बायकांनी कोकम आगळ, मुरांबा, आमरस, लोणची विकून घरे उभी केली आहेत. त्यांच्या हातच्या चवीला मोठ्या कारखान्याची सर नाही. आगळ, मुरांबा, लिंबाचे लोणचे हे सगळे मीठ, साखर आणि आंबटपणाच्या बळावर टिकणारे पदार्थ आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ते बाधले नाहीत, त्याला कारण आहे.

धोका नव्या प्रयोगांत आहे. मोबाइलवर बघून कोणी तेलात बुडवलेला लसूण बाटलीत भरते, कोणी मशरूमचे किंवा मक्याचे डबे घरच्या कुकरमध्ये सील करते. तेलाने लसणाला हवा लागत नाही, आणि बोट्युलिनमला तेच हवे असते. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटातल्या तेलातल्या लसणाने छत्तीस जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच जंतूची विषबाधा, झाला. २००६ मध्ये थायलंडच्या नान प्रांतात एका गावच्या धार्मिक उत्सवात घरगुती डब्यांत साठवलेले बांबूचे कोंब वाढले गेले. दोनशेहून अधिक लोक आजारी पडले, चाळीसहून अधिकांना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. हे कोंब आपल्याकडे विदर्भात वास्ते म्हणून आवडीने खातात. त्या गावातल्या लोकांनी काही भेसळ केली नव्हती. डबे उकळले होते, चांगले उकळले होते. फक्त कोंब आंबट नसतात आणि उकळते पाणी शंभर अंशांवर थांबते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

कुकरची शिट्टी होते म्हणून बाटलीच्या गाभ्यात १२१ अंश पोचले असे होत नाही. बिनआंबट पदार्थ घरी सीलबंद करून फ्रिजबाहेर ठेवू नयेत आणि विकू तर नयेतच. तेलातला लसूण हवा असेल तर व्हिनेगर किंवा भरपूर लिंबूरस घालावा, फ्रिजमध्ये ठेवावा, थोडा थोडा करावा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना २०२० पासून आहे आणि तिच्यात अनुदानाबरोबर प्रशिक्षणही आहे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आहे, म्हैसूरची सीएफटीआरआय ही अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. माझी मागणी एवढीच की प्रत्येक प्रशिक्षणात पीएच मोजायला शिकवावे आणि प्रत्येक गटाला एक मीटर द्यावा. पॅकिंग, ब्रँडिंग आणि मार्केटिंगची व्याख्याने त्यानंतर.

८. सूचना मराठीत हव्यात.

लेबलवरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावा, इतर भाषा जोडीला चालेल, असा नियम आहे. म्हणजे मराठीला मनाई नाही, पण सक्तीही नाही. दुकानांच्या पाट्या मराठीत व्हाव्यात म्हणून राज्याने २०२२ मध्ये कायदा दुरुस्त केला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या बदलल्या, ते योग्यच झाले. पण त्या पाटीखालून आत गेल्यावर आजीबाईंच्या हातात जो डबा येतो, त्यावरची जिवाशी गाठ असलेली ओळ त्यांना वाचता येत नाही. वेष्टनाचा कायदा केंद्राचा आहे, हे मान्य. तरी राज्यातले उत्पादक, रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कॅनिंगवाले, सहकारी संस्था, बचत गट यांना आजपासून मराठी ओळ छापायला कोणाची परवानगी लागत नाही. गोव्यातल्या मराठी आणि कोकणी वाचकांनाही ती उपयोगी पडेल.

९. मुदत संपत आलेला माल लपवू नका, उघडपणे स्वस्तात विका.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले की ग्राहकाच्या हाती पडताना पदार्थाचे किमान ३० टक्के आयुष्य किंवा एक्स्पायरीपूर्वीचे ४५ दिवस शिल्लक हवेत. डिसेंबरमध्ये कंपन्यांना मुदत संपलेल्या आणि परत आलेल्या मालाची माहिती दर तिमाहीला द्यायला सांगितले. दोन्ही पावले चांगली. पण मग ४४ दिवस उरलेला चांगला माल जातो कुठे? तो आठवडी बाजारात, नाव नसलेल्या हातगाडीवर, तारीख खरवडलेल्या अवस्थेत पोचू नये असे वाटत असेल, तर त्याला सरळ वाट द्यावी लागेल. दुकानात वेगळी फळी, वर ठळक पाटी, कमी किंमत. मुदतीत असलेला माल अन्नदान करणाऱ्या संस्थांना द्यायचा असेल तर उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ चे नियम आहेत. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ऑक्टोबर २०२० पासून ‘बेस्ट बिफोर’ लिहिणे सक्तीचे झाले, तेव्हा हलवाई बुडाले नाहीत. किराणा दुकानदारही बुडणार नाहीत.

१०. तक्रार करा, आणि कागद हातात ठेवून करा.

मुदत संपलेला, फुगलेला किंवा तारीख खोडलेला माल मिळाला तर दुकानदाराशी भांडून डबा बदलून घेतला की आपले समाधान होते. उरलेले दहा डबे त्याच फळीवर राहतात. डबा टाकण्याआधी बॅच क्रमांक, तारीख आणि चौदा आकडी परवाना क्रमांक यांचा फोटो घ्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. शंका असेल तर ग्राहकाला स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो, कलम ४० मध्ये तशी तरतूद आहे. सोसायटीतल्या, गल्लीतल्या चार जणांनी एकाच दुकानाबद्दल तक्रार केली तर तिचे वजन वाढते.

बिल नसेल तर यातले बरेच काही अडते. दुकानदार ओळखीचा आहे, नेहमीचा आहे, म्हणून बिल मागायला आपण संकोचतो. पुढच्या वेळी डबा पिशवीत टाकण्याआधी तो उलटा करून तारीख वाचा, दोन्ही टोके दाबून बघा आणि बिल मागा.